पानाची खालची बाजू

देवरामने खोका टेबलावर ठेवला, "लय जड हाय मॅडम," म्हणाला आणि दारातच उभा राहिला. खोका कुठून आला, उघडायचा का, सुतळी ठेवायची का टाकायची, या सगळ्यात त्याला रस होता; कामात तेवढा नव्हता. संध्या देवरेच्या पुढ्यात मूल्यांकन समितीसाठी भरायचा एकशे चौदा पानांचा तक्ता पडला होता आणि 'विभागाची बलस्थाने' या रकान्यात काय लिहावं हे तिला सकाळपासून सुचत नव्हतं. वनस्पतिशास्त्र विभागात तीन शिक्षक, एक शिपाई, एक बंद पडलेला फ्रिज आणि द्राक्षबागेच्या औषधांचं कोणी शिकवील का असं विचारत येणारी निफाडकडची पोरं, एवढंच बळ होतं. २००३ चा जानेवारी होता. निफाडचा पारा चार अंशांवर उतरला, हे जो तो दुसऱ्याला सांगत होता, जणू काही तो यानेच उतरवला होता. "कात्री आण," ती देवरामला म्हणाली, "आणि मग जा." त्याने कात्री आणली आणि गेला नाही.

खोक्यात तिचीच शीट्स होती. चार वर्षांपूर्वी उत्तरेतल्या एका संग्रहालयाने अभ्यासासाठी मागून नेलेली, वाळवून जाड कागदावर दोऱ्याने शिवलेली पाषाणभेदाची चौसष्ट झाडं. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. तिने पहिलं शीट वर काढलं. उजव्या कोपऱ्यात तिची जुनी पट्टी होती, तिच्याच अक्षरातली, नाव, ठिकाण, उंची, तारीख. आणि तिच्यावर बोटभर अंतर सोडून एक नवी पांढरी पट्टी चिकटवलेली. वाळवलेलं झाड जो कोणी तपासतो त्याने आपलं मत असं पट्टीवर लिहून डकवायचं, आधीची पट्टी काढायची नाही, ही या धंद्यातली रीत. त्यात वाईट काही नव्हतं. पण नव्या पट्टीवर तिने दिलेल्या नावातला शेवटचा, प्रकार सांगणारा शब्द नव्हता. खाली सही होती, शे. कासार, म्हणजे तिच्याबरोबर शिकलेला शेखर. तिने दुसरं शीट काढलं, तिसरं काढलं. मग खुर्चीवरून उठून ती उभ्यानेच पत्ते पिसावेत तशी शीट्स उलटत गेली. चौसष्टच्या चौसष्ट. दोन प्रकारांची म्हणून तिने सात वर्षं खपून वेगळी केलेली झाडं शेखरने एकाच नावाखाली आणून ठेवली होती, आणि बरोबर चिठ्ठीचा चिटोरासुद्धा नव्हता. छापील पावती होती, 'नग ६४ परत', आणि तळाशी त्याच्या अकरा पानी निबंधाची प्रत.

"काही फुटलंय का मॅडम?" देवरामने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "चहा सांग. एकच."

पाषाणभेद म्हणजे हिमालयात उभ्या कड्यांच्या भेगांतून मूळ घालून बसणारं झाड. वैद्य त्याचं मूळ मुतखड्यावर देतात. तळहाताएवढी जाड, गोल पानं. त्यांतल्या काहींच्या दोन्ही बाजूंना बारीक केस असतात, आणि काहींची दोन्ही अंगं कोरी, फक्त कडेला पापण्यांसारखी झालर. एवढाच फरक. या एवढ्याशा फरकावर संध्याने पीएच.डी. केली होती, पंचाण्णव साली निबंध छापला होता, आणि केसाळ तो एक प्रकार, कोरा तो दुसरा, हे त्या निबंधानंतर तिच्या नावाने सांगितलं जाऊ लागलं होतं. सगळ्या जगात हे जाणून घ्यायची इच्छा असलेली माणसं चाळीस असतील. पण त्या चाळिसांत तिचं नाव होतं. समिती, तक्ते, हजेरीपट, प्राचार्यांच्या सूचना यांच्या खाली कुठेतरी ते नाव आहे, हे तिला दिवसातून एकदा तरी आठवायचं आणि बरं वाटायचं.

निबंध तिने उभ्यानेच वाचला. शेखर तसा छानच लिहायचा, सावकाश, जेवून उठलेल्या माणसासारखा. सातव्या पानावर ते वाक्य होतं. वाळलेल्या पानांवरचे केस ठिसूळ होतात व घासून गळून जातात. नमुने गोळा करणाऱ्याने हाताळणीतील हा दोष ध्यानात घेतलेला दिसत नाही. तिने ते पुन्हा वाचलं. हाताळणीतील दोष. चहा आला, त्यावर साय धरली, तरी ती त्याच वाक्यावर होती. एकेक पान मऊ टिपकागदात गुंडाळून, वर्तमानपत्रांच्या थप्पीत दाबून, दर सहा तासांनी कागद बदलून तिने ती झाडं वाळवली होती, आणि तेव्हा हा माणूस खडकावर उताणा पडून ढग बघत होता.

ते अठ्ठ्याऐंशी साल. पुण्यात एकाच सरांकडे दोघं काम करत. ती सटाण्याची, तो मालेगावचा. आपल्या भागातले म्हणून सरांनी जोडीनं गढवालला पाठवलं, सात आठवडे, बरोबर यादव नावाचा खेचरवाला. शेखरच्या वडिलांचे माग होते. कुठलंही पान हातात आलं की तो ते अंगठा आणि बोटात धरून चोळायचा, कापडाचा पोत बघावा तसं. तिला ते बघवत नसे. "चोळू नको रे," ती म्हणायची, "केस जातात." तो हसायचा. एकदा असाच पान चोळता चोळता म्हणाला होता, "संध्या, तुला दोन हवीत म्हणून दोन दिसतात." ती म्हणाली, "आणि तुला एकच दिसतं, कारण दोन म्हटलं की काम वाढतं." त्यावर त्याने पुढचं पान खुडलं. काही बोलायचं नाही ही त्याची पद्धतच होती. सात आठवड्यांत त्याने तिला एकदा पाण्याची बाटली पुढे केली होती, एकदा शाल, आणि परत येताना दिल्लीच्या फलाटावर "मग आता नाशिकलाच का?" असं विचारलं होतं. तिने हो म्हटलं. ओझरच्या कारखान्यातल्या मुलाचं स्थळ तेव्हा ठरत आलं होतं. 'हो' म्हटल्यावर शेखर आणखी काही विचारील, निदान का म्हणून तरी विचारील, असं वाटून ती गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभी राहिली होती. आणि तो फलाटावरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होता. आता पंधरा वर्षांनी त्याला बोलायचं सुचलं, तर ते हे. हाताळणीतील दोष.

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात उत्तर तयार झालं होतं. गंगापूर रोडवर रिक्षावाल्याने दोनदा वळण चुकवलं, त्याला ती दोन्ही वेळा नको तितकी बोलली. जेवताना तिने नवऱ्याला, दिनेशना, सांगितलं. दिनेश शांतपणे ऐकून घेणारे गृहस्थ. कारखान्याची सकाळची बस गेली अठरा वर्षं त्यांनी चुकवली नव्हती. ते भाताचा घास घेत म्हणाले, "म्हणजे दोन नाहीत, एकच आहे?"

"असं तो म्हणतो."

"मग बरंच की. तुझं काम कमी झालं."

तिने त्यांच्या ताटात आमटी जरा जोरात वाढली. त्यात त्यांची चूक नव्हती आणि हेच तिला सहन होत नव्हतं, की यात कोणाचीच चूक नव्हती. सटाण्याहून आईचा फोन आला, तिलाही तिने न राहवून सांगितलं. सावित्रीबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "एक शे का दोन शे, तुले काय करनं शे? जेवनी का?" संध्या जेवले म्हणाली.

उत्तर सोपं होतं. वाळलेल्या पानांवरचे केस गळतात ना? मग जिवंत पानं बघू. कॉलेजच्या मागे हिरव्या जाळीच्या शेडमध्ये नव्याण्णव सालापासून तिने दोन्ही प्रकारांची मुळं कुंड्यांत लावली होती, शेजारी शेजारी, तीच माती, तेच पाणी, तीच सावली. नाशिकचे उन्हाळे सोसून तिसांतल्या तेरा जगल्या, सात केसाळ, सहा कोऱ्या. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कुंडीतल्या नव्या पानावर दहा पटीचं भिंग धरून केस मोजायचे, हे काम निकिता गावितकडे होतं. निकिता सुरगाण्याकडची, एकतीस वर्षांची. आश्रमशाळेत सहा वर्षं शिकवून मग इकडे आलेली, विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी आणि संध्याकडेच पीएच.डी. करणारी. जूनमध्ये तिचा प्रबंध जायचा होता. पेठच्या कॉलेजात एक जागा निघणार होती आणि त्या जागेला पीएच.डी. लागणार होती. तिच्या नोंदवहीत चार वर्षांची सलग मोजणी होती. केसाळ ते केसाळ राहिले, कोरे ते कोरे. ती वही संपादकांकडे गेली की शेखरच्या अकरा पानांत काही उरणार नव्हतं.

"निकिता, शेडची वही दे. उद्याच पाठवायचीय," दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, आणि शेखरचं वाक्य वाचून दाखवलं.

निकिताने ऐकलं. "मॅडम, वही घरी राहिली."

"घरी कशाला नेतेस? बरं, उद्या आण."

उद्या निकिता आली नाही. परवाही नाही. कोणीतरी म्हणालं, सीबीएसच्या स्टँडवर सुरगाण्याच्या एस.टी.त चढताना दिसली. संध्याने पत्राची चार कच्ची टिपणं फाडली. पाचव्यात 'माझे सहकारी डॉ. कासार यांना क्षेत्रकार्याची फारशी सवय नसल्याने' असं लिहिलं, वाचलं, आणि एवढ्या क्षुद्रपणाचा कंटाळा येऊन तेही फाडलं. मग काही करायला नाही म्हणून तिने एक शीट भिंगाखाली धरलं. क्रमांक एकतीस. कोरं पान, कडेला झालर. स्वच्छ. पट्टीवरची तारीख एकोणीस मे. तारीख वाचून तिने भिंग खाली ठेवलं; वीस मेचं शीट नव्हतं, हे तिला शीट न बघताच ठाऊक होतं.

वीस मेला शेखर तापाने धर्मशाळेत पडला होता. यादव त्याच्यापाशी थांबला, ती एकटीच ओढ्याच्या कडेने वर गेली. पाणी इतकं गार की आवाजसुद्धा गार वाटत होता. एका ओल्या खडकाच्या कपारीत एक मोठं झाड होतं. ती गुडघ्यांवर बसली, पान उलटं केलं, केस होते. मऊ, कुत्र्याच्या कानासारखे. मग त्याच देठामागून आलेलं दुसरं पान उलटं केलं. केस नव्हते. तिने मूळ खणून पाहिलं, दोन झाडं गुंतली असतील म्हणून. मूळ एकच होतं, मनगटाएवढं. ती किती वेळ तशी बसली कोण जाणे, गुडघे भिजले. राग आला होता. झाडाचाच राग. इतके आठवडे, इतके कडे, दोनशे झाडं शहाण्यासारखी वागली आणि हे एकच असं निघालं. तिने ते कोरं पान खुडलं, काही क्षण हातात धरलं आणि ओढ्यात सोडलं. ते पाण्यावर उताणं पडून वळणापर्यंत गेलं. वहीत तिने लिहिलं, 'ओढ्याची डावी बाजू: नमुना नाही.' परत आल्यावर शेखरने विचारलं, "काय मिळालं?" ती म्हणाली, "काही नाही. तू झोप." त्यानंतर त्या पानाचा विचार तिने केला नव्हता असं नाही. पण विचार करण्यापूर्वी ती दुसरं काहीतरी काम काढायची, आणि कामं नेहमीच असायची. शेडमध्येही ती चार वर्षांत मोजून तीन-चारदाच आत गेली असेल. मानेचं दुखणं होतं, वाकणं होत नव्हतं, समिती होती. ती जाळीच्या दारातूनच विचारायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी निकिता आली. केस विस्कटलेले, प्रवासाची धूळ चपलांवर. तिने टेबलावर दोन वह्या ठेवल्या. एक विभागाची, लाल पुठ्ठ्याची. दुसरी लांबट, आश्रमशाळेच्या शिक्क्याची.

"ही कसली?"

"ही पण शेडचीच हाय." गडबडली की निकिताची भाषा गावाकडे जायची, तिने ती सावरली. "ही खरी आहे, मॅडम."

संध्याने लांबट वही उघडली. ऑगस्ट २००१ पासूनच्या नोंदी होत्या. कुंडी चार, केसाळ, नवं पान: वरची बाजू कोरी. कुंडी नऊ, केसाळ, नवं पान: दोन्ही बाजू कोऱ्या. पुढच्या पावसाळ्यात कुंडी दोन. मग कुंडी तेरा. एकेक करून, घाई न करता, तिचे केसाळ पाषाणभेद नाशिकच्या हवेत केस टाकत आले होते. अक्षर लाल वहीतल्यापेक्षा बारीक आणि नेटकं होतं.

"आणि लाल वहीत?"

"लाल वहीत तुम्हाला हवं ते."

"मला हवं ते?" संध्याचा आवाज चढला. बाहेर देवरामची पावलं थांबल्याचं तिला ऐकू आलं, आणि त्याचाही राग आला. "मी तुला खोटं लिही असं कधी सांगितलं? एकदा तरी?"

"नाही सांगितलं."

"मग? दीड वर्ष, निकिता. दीड वर्ष तू माझ्यासमोर ही वही घेऊन बसत होतीस. मी त्यावर सह्या केल्यात. उद्या हे छापून गेलं असतं म्हणजे? तुझी पदवी, माझं नाव, सगळं..." तिने लाल वही बाजूला ढकलली. "एकदा सांगायचं होतंस. येऊन नुसतं सांगायचं होतंस."

निकिता उभीच होती. रडेल असं संध्याला वाटलं होतं, पण तिचा चेहरा कोरडा होता, थकलेला होता, आणि संध्यापेक्षा जास्त वैतागलेला होता.

"पहिल्यांदा कुंडी नऊचं पान आलं त्या दिवशी मी सांगायलाच आले होते," ती म्हणाली. "तुम्ही दारात होता. मी काही बोलायच्या आत तुम्ही विचारलंत, 'आहेत ना?' मी म्हटलं, मॅडम, एक मिनिट. तुम्ही म्हणालात, 'आहेत ना केस? मग झालं.' आणि गेलात. पुढच्या वेळेलाही तेच. तुम्ही कधी, काय आहे, असं विचारलंच नाही. आहेत ना, एवढंच. मी सहा वर्षं पोरांना शिकवलंय, मॅडम. असं विचारलं की पोरं हो म्हणतात."

खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास अजून होता. संध्याला काहीतरी कडक बोलायचं होतं, तिचा तसा हक्क होता, शब्दही तोंडापर्यंत आले होते. त्याऐवजी ती म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी साली मी असं एक पान ओढ्यात टाकलंय." हे वाक्य तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि बोलल्यावर ते इतकं लहान वाटलं की तिला त्याचाही वैताग आला. निकिताला ते नीट कळलं नाही. तिने विचारलं, "कुठलं पान?" मग संध्याने सगळं सांगितलं, ओढा, खडक, मनगटाएवढं मूळ, वहीतली ओळ. सांगताना ती शीट क्रमांक एकतीसकडे बघत राहिली. निकिता मध्येच खुर्ची ओढून बसली, न विचारता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"म्हणजे कासार सर बरोबर," निकिता शेवटी म्हणाली.

"नाही ना!" संध्या म्हणाली. "तेच तर! निष्कर्ष बरोबर आणि कारण साफ चुकीचं. केस घासून गेलेले नाहीत. माझ्या हाताने एकही केस गेलेला नाही. झाडच टाकतं, हवा बदलली की. त्याने एकही जिवंत झाड वाढवून पाहिलेलं नाही, बसल्या जागी अंदाज केला आणि तो लागला. अशा माणसाला काय लिहायचं?" तिला हसू आलं. मग ती म्हणाली, "त्याला हेच लिहायचं. तुझी वही जोडून. पहिलं नाव तुझं."

"आणि प्रबंध?"

"विषयाचं नाव बदलावं लागेल. विद्यापीठाची परवानगी, पुन्हा समिती. वर्ष जाईल. पेठची जागा बहुतेक जाईल." तिने ते मऊ करून सांगितलं नाही, मऊ करण्यासारखं त्यात काही नव्हतं. "लाल वहीचं काय झालं तेही विद्यापीठाला मी लिहीन. सह्या माझ्या आहेत."

निकिताने एका चपलेवरची धूळ दुसऱ्या चपलेने घासून काढली. "घरी कळलं तर नवरा म्हणेल, चार वर्षं काय केलंस."

"काय सांगशील?"

"माहीत नाही."

दोघी शेडकडे निघाल्या. आत दमट आणि हिरवं होतं, बाहेरच्यापेक्षा गार. तेरा कुंड्या विटांवर ओळीत होत्या. संध्याला वाकवेना, तेव्हा तिने एक पत्र्याचा डबा उलटा केला आणि त्यावर बसली. निकिताने सवयीने भिंग तिच्यापुढे धरलं. संध्याने ते घेतलं नाही; लांबट वही आणि पेन मागून घेतलं. तारीख घातली.

"तू बघ," ती म्हणाली. "मी लिहिते."

निकिता पहिल्या कुंडीशी बसली. पान हलकेच उलटं केलं. "एक. कोरा प्रकार. दोन्ही बाजू कोऱ्या, कडेला झालर." संध्याने लिहिलं. "दोन. केसाळ. वरची बाजू कोरी. खालच्या बाजूला शिरेवर थोडे." लिहिलं. चौथी, सहावी, नववी. संध्याचं अक्षर निकिताच्या अक्षराखाली मोठं आणि घाईचं दिसत होतं. तेरावीशी निकिता थांबली. ते झाड सगळ्यांत जुनं होतं, पानं जाड. तिने भिंग डोळ्याशी नेलं, दूर केलं, पुन्हा नेलं, पान उजेडाकडे वळवलं.

संध्याच्या ओठांवर तोच प्रश्न आला, आहेत ना? तिने ओठ मिटून घेतले. पेनचं टोक कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका पसरत चालला होता. निकिता अजून बघतच होती, आणि संध्या डब्यावर बसून राहिली, ती काय सांगते ते ऐकायला.